शून्य लेनमध्ये कोण पोहतं?

आत्याचं डोकं लेनमध्ये चालतं. घरच्या शेगडीला दोन बर्नर, तर एक लेन एक आणि दुसरा लेन दोन. "दूध लेन दोनवर आहे गं, उतू जाईल!" असं ती अंघोळीतून ओरडते आणि घरात कुणालाच त्यात काही वेगळं वाटत नाही. कपाटाचे कप्पे लेन, चपलांचा रॅक लेन, बँकेत रांगेत उभी असलेली माणसंसुद्धा लेनच. अर्धं आयुष्य पोहण्याच्या तलावावर गेल्यावर दुसरं काय होणार?

तलावावर नोकरीला लागली तेव्हा तिकीट खिडकीत होती. मग टायमिंगचा कम्प्युटर सांभाळणारा माणूस नोकरी सोडून गेला. बाकीचे सगळे त्या मशीनला असे घाबरायचे, जणू हात लावला की चावेल. आत्या म्हणाली, "द्या इकडे. बघते काय म्हणतंय ते." आणि बघितलंच तिनं. वायरी, घड्याळ, मोठा बोर्ड, भिंतीला लावलेल्या पिवळ्या पाट्या, ज्यांना पोहणाऱ्याचा हात लागला की वेळ थांबते, सगळं एकेक करून शिकली. चुकली, शिव्या खाल्ल्या, परत शिकली. आता तलावावर पंचांपासून शौचालय धुणाऱ्यापर्यंत सगळे तिला आत्याच म्हणतात. खरी आत्या मात्र ती एकटीचीच, बदकची.

बदक म्हणजे तिच्या दादाची मुलगी. रांगायचं सोडून चालायला लागली तेव्हा डुलत डुलत चालायची, म्हणून बदक. पाण्यात पहिल्यांदा ढकललं ते आत्यानंच. दादा काठावरून बोंबलत होता, "अगं बुडेल ती!" आणि बदक खाली जाऊन वर आली आणि म्हणाली, "परत."

तर त्या सकाळी स्पर्धा होती. बदकची दोनशे मीटर बटरफ्लाय. दोन मिनिटं वीस सेकंदांच्या आत आली तर देशाच्या शिबिरात थेट जागा, नाही आली तर विषय संपला, कारण पुढच्या वर्षी ती वरच्या वयोगटात जाते. आणि वेळ धरली जाणार ती फक्त मशीनची. हातातल्या स्टॉपवॉचची वेळ शिबिरवाले बघतसुद्धा नाहीत.

आत्या सगळ्यांच्या आधी आली, टायमिंगच्या खोलीचं कुलूप काढलं, कम्प्युटरचं बटण दाबलं आणि खुर्ची ओढून बसली. काळा पडदा आला. पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आली, कुठलं तरी चिन्ह सापडत नाही म्हणून. तिच्याखाली "ग्रब रेस्क्यू". आणि त्याच्यापुढे एक दांडी, लुकलुक, लुकलुक.

आत्यानं बंद करून चालू केलं. तेच. परत केलं. तेच. टेबलावर एक चापट मारली. त्या दांडीला काही फरक पडला नाही.

काल संध्याकाळी तिनं सिस्टिम अपग्रेड केली होती. करणं भाग होतं, टायमिंगचा नवा प्रोग्राम जुन्या सिस्टिमवर चालतच नव्हता. सगळं नीट झालं. शेवटी 'रीस्टार्ट करा' असं आलं, तर ती म्हणाली, उद्या करू, आणि पाट्या तपासायला पळाली. आता तो उद्या उगवला होता.

दादा दारात आला. हातात बदकचा टॉवेल, चेहरा त्या टॉवेलपेक्षा पांढरा.

"काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही कसं? बोर्ड बंद आहे बाहेर."

"दादा, तू जाऊन बस बरं."

"प्लग काढून परत लाव ना. आपला टीव्ही असाच चालू होतो."

"हा टीव्ही नाहीये!"

"मी आपलं सांगितलं."

"सांगितलंस ना? आता जा. आणि बदकला एक शब्द बोलशील तर तुझं नाव काढून टाकीन घरातून."

दादा गेला. मागोमाग मुख्य पंच बाई आल्या. पांढरे कपडे, गळ्यात शिट्टी, आवाज असा की शिट्टीची गरजच नाही. त्यांनी पडदा बघितला, आत्याकडे बघितलं.

"आत्या, वॉर्मअप चालू आहे. तो संपेपर्यंत बोर्ड लागला तर ठीक. नाहीतर मी स्टॉपवॉच वाटणार. बाहेरगावची पोरं आलीत, त्यांना ताटकळत ठेवता येणार नाही."

"बाई, हाताची वेळ वर धरत नाहीत."

"ते मला माहीत नाही का? तुमची भाची आहे हेही माहीत आहे. पण नियम सगळ्यांना सारखा."

यात त्यांचं काही चूक नव्हतं, आणि तेच जास्त झोंबलं.

आत्यानं टायमिंगच्या कंपनीला फोन लावला. पलीकडे एक सर्दी झालेला माणूस. दर वाक्याला नाक ओढायचा.

"बोला बॅडम."

"मॅडम कुणाला म्हणतोस? आत्या म्हण. माझं मशीन उठत नाहीये."

तिनं सगळं धडाधडा सांगितलं. सर्दीवाला म्हणाला, "बूटलोडर बिघडलाय. बटण दाबलं की सगळ्यात आधी जागा होतो तो छोटा प्रोग्राम. तो मोठ्या सिस्टिमला हाक मारून उठवतो. तोच आडवा झालाय."

"म्हणजे स्टार्टर. शिट्टीवाला."

"हां... तसंच म्हणा. सोपा उपाय म्हणजे पेनड्राइव्ह लावून सगळं नव्यानं टाकायचं."

"आणि माझ्या पाट्यांची सेटिंग? एकेक पाटी पाण्यात उतरून जुळवलीय मी."

"ती जाईल."

"मग तो उपाय तुझ्याकडेच ठेव. दुसरा सांग. बाहेर पोरं पाण्यात आहेत, लवकर!"

तो शिंकला. मग म्हणाला, "बरं. लिहा एल, एस. एंटर मारा. काय दिसतं?"

आत्याची बोटं ओली झाली होती, तिनं ती साडीला पुसली आणि लिहिलं. पडद्यावर कंसांची एक रांग उमटली.

"एच डी झिरो... काहीतरी... एच डी वन... काहीतरी."

"म्हणजे दोन डिस्क आहेत?"

"हो, लेन एकवर सिस्टिम. लेन दोनवर जुने निकाल."

"लेन?"

"डिस्क रे! पुढे बोल."

"काल अपग्रेड होताना तुम्हाला विचारलं असेल, बूटलोडर कुठे बसवू म्हणून. तुम्ही कुठे खूण केलीत?"

"दोन नावं होती. एकात शून्य होतं, एकात एक. मी एकवर केली. सिस्टिम लेन एकवर आहे ना!"

पलीकडे कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

"आत्या, हे लोक शून्यापासून मोजतात."

"कोण लोक?"

"कम्प्युटरवाले. पहिली डिस्क म्हणजे शून्य. एक म्हणजे दुसरी."

"शून्य लेनमध्ये कोण पोहतं रे!"

ती एवढ्या जोरात ओरडली की खिडकीबाहेर पाय हलवत बसलेल्या दोन पोरी दचकून पाण्यात पडल्या. आणि मग ती हसायलाच लागली. राग, भीती, हसू, सगळं एकदम वर आलं. आयुष्यभर एकपासून मोजलं. आणि आजच्या दिवशी शून्यानं तंगडी धरून ओढलं!

"हसू नका, ऐका," सर्दीवाला म्हणाला, पण तोही हसत होता. "पहिल्या डिस्कच्या तोंडाशी जुनाच बूटलोडर बसलाय. पण त्याचं बाकीचं सामान काल नवं आलं. जुना माणूस, नवी हत्यारं. त्याला ती ओळखूच येत नाहीत. नवा माणूस तुम्ही दुसऱ्या डिस्कवर नेऊन बसवलात."

आत्या ताडकन उभी राहिली. खुर्ची मागच्या भिंतीवर आदळली.

"थांब थांब थांब. नवा माणूस आहे ना पण? जिवंत आहे?"

"आहे की."

"त्याला सिस्टिमचं घर माहीत आहे?"

"असायला पाहिजे. कालच सांगितलंय त्याला."

"मग मी याच्या दारात कशाला रडत बसलेय? मशीनला सांगायचं, दुसऱ्या डिस्कवरून उठ!"

"अरे हो!" सर्दीवाल्याच्या आवाजातली सर्दीच गेली. "बंद करून चालू करा आणि लगेच एफ बारा दाबत राहा. कुठून उठू, असं विचारेल."

बाहेर लांब शिट्टी झाली. वॉर्मअप संपत आला, पाण्याबाहेर या. आत्यानं बटण दाबलं, एफ बारा दाबलं, उशीर झाला. तोच काळा पडदा, तीच दांडी. "मेलीस तू," असं तिला म्हणून आत्यानं परत बंद केलं. या वेळी बोट आधीच एफ बारावर ठेवलं आणि टाइपरायटरसारखं टकटकटकटक सुरू केलं. निळी चौकट आली! दोन नावं, एकाखाली एक.

"खालचं घेऊ?"

"खालचं घ्या!"

दोघंही ओरडत होते, काही कारण नसताना. आत्यानं खालच्यावर एंटर मारलं.

क्षणभर काहीच नाही. मग ओळी पळायला लागल्या, एकीमागून एक, वर वर वर, आणि पडद्यावर तिचा नेहमीचा निळा तलाव आला, कोपऱ्यात घड्याळ, आणि टायमिंगचा प्रोग्राम स्वतःहून उघडला. बाहेर मोठा बोर्ड धडधडून पेटला. प्रेक्षकांत एक "हे" झालं. दादाचं "हे" वेगळं ऐकू आलं.

"लागलं!" आत्या फोनमध्ये किंचाळली. "अरे लागलं, सर्दी!"

"छान! आता एक ओळ लिहून शून्यावरही बसवून टाकू. दोन मिनिटांचं काम."

"हात नाही लावणार मी आता याला. उठलंय ना? शेवटची शर्यत होईपर्यंत याला कुणी शिंक ऐकवायची नाही. संध्याकाळी बसवू. तू गरम पाणी पी आणि फोन जवळ ठेव." आणि तिनं ठेवला. मग मशीनच्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि वर पेनानं लिहिलं, 'हात लावला तर हात तोडीन'.

पंच बाई दारात डोकावल्या, हातात स्टॉपवॉचची पिशवी. पडदा बघितला. पिशवीची नाडी आवळली. "काय झालं होतं?"

"माझीच चूक. मोजायला चुकले."

"मोजायला? तुम्ही?" बाई गेल्या.

बदक लेन चारमध्ये होती. शिट्टी, हॉर्न, उडी. आत्याला खोलीच्या खिडकीतून पाणी दिसतं, पण तिनं बघितलंच नाही. तिचे डोळे पडद्यावरच्या चौथ्या ओळीवर. तिथे फक्त आकडे धावतात. पहिल्या पन्नासला बदक तिसरी. शंभरला दुसरी. दीडशेला परत तिसरी. आत्या चौथ्या ओळीला शिव्या घालत होती, लाडानं. "मार हात. मार गं. थकू नकोस. थकलीस तर आत येऊन मारीन." बाहेर आवाज फुगत गेला, दादा वेड्यासारखा "बदक बदक" करत होता, आणि चौथी ओळ थांबली.

२:१९.८४.

आत्यानं ते वाचलं. मग बोट ठेवून परत वाचलं. दोन, एकोणीस, चौऱ्याऐंशी. मशीनची वेळ. बोर्डवर, सगळ्या जगासमोर, मशीनची वेळ!

दार धाडकन उघडलं आणि बदक आत घुसली, डोक्यावर टोपी, अंगावरून पाण्याच्या धारा.

"लांब! मशीनपासून लांब!" आत्या दोन्ही हात पसरून आडवी झाली. मग तेच पसरलेले हात बदकभोवती गेले आणि साडी चिंब झाली.

"बघितलंस आत्या? शेवटचं वळण बघितलंस?"

"नाही."

"काय नाही?"

"आकडे बघत होते गं. वळणाचं कुठे काय दिसतं आकड्यात."

"अगं, आयुष्यातलं सगळ्यात भारी वळण मारलं मी! बाबांनी बघितलं, त्या पंच बाईंनी बघितलं, आणि तू..."

"मग शिबिरात परत मार. मी येते तिकडे. नुसती काठावर बसते. कम्प्युटर दिसला तरी तोंड फिरवते."

"शपथ?"

"शपथ. आता हो बाहेर, पुढची शर्यत लागतेय."