बाण पाहिल्याशिवाय चुकला म्हणायचं नाही

आर्डिस स्कोगेन चौसष्ट वर्षांची आहे. सकाळ-संध्याकाळ ती टॅमरॅक फोर्क या आमच्या गावच्या शाळेची बस चालवते आणि सप्टेंबरमध्ये धनुष्य घेऊन एल्कच्या मागे डोंगरात जाते. एल्क म्हणजे घोड्याएवढं सांबर. आमच्या खोऱ्यात हिवाळाभर ताटात तेच मांस असतं. बाणाने शिकार करायची तर आधी सुरक्षेचा वर्ग करावा लागतो. गावातल्या धनुर्धारी क्लबचा हा वर्ग सव्वीस वर्षं आर्डिसच घेत आली आहे. त्यामुळे इथल्या बहुतेक धनुर्धाऱ्यांना तिने एकदा तरी झापलेलं आहे.

तिच्या वर्गातला पहिला नियम नेम धरण्याचा नाही. बाण सुटल्यावर जिथे जनावर उभं होतं तिथे चालत जायचं आणि बाण शोधायचा. तो कोरडा सापडला तर चुकला. त्यावर लाल, फेसाळ रक्त असेल तर फुप्फुसात लागला. हिरवट, घाण वासाचा चिकटा असेल तर पोटात. मग आठ तास त्या जनावराच्या मागे जायचं नाही. गेलात तर ते उठून पळतं, दोन डोंगर ओलांडतं आणि तुम्हाला न सापडता मरतं.

हे तिला वर्गात बसून कळलेलं नाही. सत्त्याण्णव साली तिचा बाण एका मादीच्या पोटात लागला. पाऊस येईल, माग धुऊन जाईल, या भीतीने ती दोन तासांतच निघाली. तीन दिवस शोधलं, मादी मिळाली नाही. चौथ्या दिवशी आर्डिसने खिशातून शिकारीचा परवाना काढला आणि त्यावरचा महिना आणि तारीख चाकूने कापली. असं फक्त शिकार हाती लागल्यावर करतात, कारण एका परवान्यावर एकच जनावर. तिचा हंगाम तिथेच संपला. नवरा म्हणाला, "मांस नाही ते नाही, वर परवानाही घालवलास?" ती म्हणाली, "मांस आहे की. मला सापडत नाहीये एवढंच."

गेली सहा वर्षं ती राज्याच्या वन्यजीव मंडळाकडे एकच मागणी करत होती. बाणाने रक्त निघालं, की जनावर मिळो न मिळो, परवाना संपला. याला क्लबचा विरोध होता. अध्यक्ष रॉइस प्रूइट प्रत्येक सभेत तिला समजावायचा. "आर्डिस, अगं आपणच लिहून द्यायचं का, की आम्ही जनावरं जखमी करून सोडतो? शिकारबंदीवाले टपूनच बसलेत."

"मग सोडू नका."

"तुझ्याशी बोलणं म्हणजे खेचराशी बोलणं."

"खेचर निदान ओझं तरी वाहतं, रॉइस. तू काय करतोस?"

रॉइस त्या वर्षी फॉर्मात होता. सप्टेंबरच्या शेवटी त्याने सहा-सहा टोकांच्या शिंगांचा नर मारला. क्लबच्या भिंतीवर त्याच्या नावाची चौकट लागली. क्लबचाच सभासद असलेल्या खाटीक डेल्मरच्या दुकानात मांस कापून घेताना त्याने आदल्या आठवड्याची गोष्टही सांगितली. याहून मोठा नर होता, पण चौऱ्याऐंशी यार्डांवर. बाण वरून गेला. केसालाही लागला नाही.

"चौऱ्याऐंशी?" डेल्मर म्हणाला. "तेवढ्या लांबून मला माझी बायकोही ओळखू येत नाही."

"तुझं नशीब थोर," रॉइस म्हणाला, आणि दुकान हसलं.

तो मोठा नर आर्डिसला कॉटन क्रीकच्या वरच्या अंगाला सापडला. आधी कावळे दिसले, मग वास आला. मरून चार-पाच दिवस झाले होते. तीनशे किलोचं जनावर, सगळं मांस हिरवं पडलं होतं. पोटातून बाणाचं मागचं टोक बाहेर आलं होतं. त्यावर नारिंगी पट्टी होती आणि पट्टीवर काळ्या शाईत आर. प्रूइट.

आमच्या क्लबात प्रत्येक जण बाणावर नाव लिहितो. सरावाच्या मैदानात गवतात गेलेले बाण ज्याला मिळतात तो ते महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सभेत आणतो. नाव मोठ्याने पुकारलं जातं, सगळे हुर्यो करतात आणि ज्याचा बाण तो शोधून आणणाऱ्याला बियर पाजतो. सभेला माणसं येतात ती बरीचशी यासाठीच.

तिने आधी शिकार-निरीक्षकाला जागा दाखवली. त्याने मोजमाप घेतलं आणि खांदे उडवले. "कोणत्या कलमाखाली लिहू, आर्डिस? जनावर जखमी करणं गुन्हा नाही. न शोधल्याचा गुन्हा लावावा तर तो म्हणणार, लागलंच नव्हतं."

"बघायला गेलाच नाही तो."

"बघायला जाण्याचा कायदा नाही."

बाण तिने पुठ्ठ्याच्या नळीत घालून बसमध्ये ठेवला. नोव्हेंबरच्या सभेत सगळ्यांसमोर रॉइसला एकदा विचारलं, "तुझा एखादा बाण हरवलाय का?"

"मी बाण हरवत नाही," तो म्हणाला. लोक हसले. तिने नुसती मान डोलावली. तिची ती मान डोलावण्याची तऱ्हा माहीत असलेले दोघे-तिघे हसले नाहीत.

जानेवारीत तिच्या मागणीवर मंडळाची सुनावणी झाली. प्रत्येकाला तीन मिनिटं. रॉइस आधी उठला. इस्त्रीचा शर्ट, शांत आवाज. "अध्यक्षबाई, सभ्य माणसांना नियमांची गरज नसते. आमच्या क्लबमध्ये यंदा एकही जनावर जखमी होऊन हरवलेलं नाही."

आर्डिसने लिहून आणलेला कागद खिशातून काढलाच नाही. तिने नळी उघडली आणि बाण टेबलावर ठेवला. रक्त वाळून काळं झालं होतं.

"रॉइस, तुझा बाण. गवतात नाही मिळाला. कॉटन क्रीकवर नराच्या पोटात मिळाला."

अध्यक्षबाई पुढे झुकल्या. "मिस्टर प्रूइट, हा बाण तुमचा आहे?"

"नाव माझं आहे."

"मी नाव नाही विचारलं."

"हो. माझा आहे. पण मला खरंच वाटलं की चुकला."

"वाटलं!" आर्डिस ओरडली. सव्वीस वर्षांत वर्गात कितीही चिडली तरी ती कधी ओरडली नव्हती. "चौऱ्याऐंशी पावलं चालायची होती रे! माझ्या वर्गात पहिल्या रांगेत बसला होतास तू! ते जनावर दिवस-दिवस कुजत मेलं, आणि तू सहा दिवसांनी दुसरं मारून भिंतीवर नाव लावलंस!"

तिची तीन मिनिटं संपल्याची घंटा वाजली. मतदान झालं. तीन बाजूने, चार विरुद्ध. एक सदस्य म्हणाले की भावना समजते, पण नियम राबवणार कसा? मागणी तिथेच पडली.

बाण कोणीच उचलला नाही. मंडळाच्या कारकुनाने तो पट्टीवरचं नाव पाहून क्लबच्या पत्त्यावर टपालाने पाठवला. फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारी सचिवाने पाकीट फोडलं आणि सवयीने मोठ्याने पुकारलं, "आर. प्रूइट!"

कोणी हुर्यो केली नाही. रॉइस उठला, फ्रिजमधून बियर काढली आणि आर्डिससमोर ठेवली. त्याचे कान लाल झाले होते.

"रीत आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे." तिने बाटलीला हात लावला नाही. उठून एकतीस माणसांकडे पाहिलं. "कायदा झाला नाही. ठीक. येत्या सप्टेंबरमध्ये रक्त निघालं तर स्वतःच्या हाताने परवाना कापणार, त्यांनी हात वर करा."

डेल्मरचा हात पहिला वर गेला. मग आणखी तीन. रॉइस बाटलीकडे पाहत राहिला.

आर्डिसने वही काढून चार नावं लिहिली आणि वही मिटली.

"बाकीच्यांची?" सचिवाने विचारलं.

"बाकीची पाठ आहेत," ती म्हणाली.