गोठ्यात कशाला गेली होतीस?

नोकरीतले कितीतरी गुन्हे आता विसरलो, पण तीन म्हशींच्या मृत्यूचा तो गुन्हा अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे उभा राहतो. केज तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

हद्दीतल्या एका गावात पंचविशीची एक मुलगी राहायची. आईबाप ऊसतोड कामगार. लहानपणी तीही त्यांच्याबरोबर कारखान्यावर जायची. तिथे उसाच्या गाडीला जुंपलेला बैल चढावर गुडघ्यांवर बसला आणि पुन्हा उठलाच नाही, हे तिने पाहिलं होतं. मोठेपणी तिने आधी मटण सोडलं, मग दूध, दही, तूपही सोडलं आणि मोबाईलवर व्हिडिओ टाकायला लागली. "दूध वासराचं हाय, आपलं न्हाई," हे तिचं ठरलेलं वाक्य. घरोघरी दुभती जनावरं असलेल्या गावात असं बोलल्यावर जे व्हायचं तेच झालं. तिच्याविरुद्धचे अर्ज आणि तिला आलेल्या धमक्यांबद्दलचे तिचे अर्ज माझ्याकडे एकाच फाईलला लागलेले होते. खरं सांगतो, मलाही ती आगाऊ वाटायची.

त्या उन्हाळ्यात तिने गावातल्या एका बड्या बागायतदाराच्या गोठ्याचा व्हिडिओ टाकला. हा माणूस पुढारीही होता. म्हशीने पान्हा सोडावा म्हणून मेलेल्या रेडकाच्या कातड्यात भुसा भरून ते तिच्यापुढे उभं केलेलं त्यात दिसत होतं. शेवटी ती म्हणाली होती, "असले गोठे एक दिवस ओस पडणारच." व्हिडिओ जिल्हाभर फिरला.

पंधराएक दिवसांनी सकाळी ठाण्यात फोन आला. त्याच पुढाऱ्याच्या तीन म्हशी तडफडून मेल्या होत्या. पाठोपाठ गावातल्याच एकाने मला खबर दिली, "साहेब, ती पोरगी पहाटं गोठ्याच्या मागनं पिशवी घिऊन जाताना मी डोळ्यांनी बघितली."

पुढाऱ्याने ठाण्यात येऊन विष घातल्याची फिर्याद दिली, संशयित म्हणून तिचं नाव. गुन्हा दाखल करून घेतला. हवालदाराला पंचनाम्यासाठी गोठ्यावर पाठवलं, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना शवविच्छेदनासाठी कळवलं आणि महिला अंमलदाराबरोबर तिला ठाण्यात आणलं. अटक नव्हती, पण गावात ठेवली असती तर लोकांनी तिला सोडलं नसतं. तासाभरात शे-दीडशे माणूस ठाण्यासमोर जमलं.

"तिला आमच्या ताब्यात द्या. कावून लपवून ठेवता तिला?" असं ओरडणं चाललं होतं.

आत मी तिची पिशवी उघडली. कापूस, पट्ट्या, हळदीची पुडी, जखमेवर लावायच्या औषधाची बाटली. पंचांसमक्ष सगळं जप्त केलं.

"पहाटे गोठ्यात गेली होतीस?"

"व्हय, गेलते."

"गोठ्यात कशाला गेली होतीस?"

"ते न्हाई सांगणार."

"गोठे ओस पडतील असं तूच म्हणालीस ना?"

"म्हणाले. आजबी म्हणते. पण इख घालून न्हाई, साहेब."

नाना तऱ्हेने विचारलं. समजावून झालं, दरडावून झालं. गुन्हेगार खोटं बोलतो तेव्हा तो फार बोलतो, हा माझा अनुभव. ही तर उत्तरच देत नव्हती. बाहेर घोषणा वाढत होत्या. खिडकीवर एक दगड आला, काच फुटली, तेव्हा ती दचकली. पण पुढच्या क्षणी तिने मलाच विचारलं, "राहिलेल्या म्हशी कशा हायत?"

पंचनाम्याला गेलेल्या हवालदाराला मी फोन लावला. तो म्हणाला, दोन म्हशी आडव्या पडल्यात, थरथर कापतात, धाप लागलीय, तोंडाला फेस आहे.

ऐकून ती उभीच राहिली. "साहेब, किराळ लागली असंल! कोवळी ज्वारी खाल्ली की असंच हुतं. डॉक्टरांना सांगा, सुई लगेच द्या म्हणावं. माझं मागनं बघा, पण त्या दोघी वाचत्याल."

बाहेर लोक तिच्या जिवावर उठले होते, अंगावर गुन्हा होता, आणि ती फिर्यादीच्या म्हशींसाठी माझ्यापुढे हात जोडत होती. मी डॉक्टरांना फोन केला. ते वाटेतच होते. पोचल्या पोचल्या त्यांनी दोन्ही म्हशींना शिरेतून इंजेक्शनं दिली. तासाभरात एक उठून बसली, दुपारी दुसरी उभी राहिली. मेलेल्या म्हशींच्या पोटात ज्वारीचे हिरवे फुटवे निघाले. रक्त लालभडक होतं. पोटातल्या चाऱ्यावर धरलेली डॉक्टरांची विष तपासायची पिवळी पट्टी विटकरी झाली. हे विष ज्वारीतलंच होतं. अवकाळी पावसानंतर कापणी झालेल्या रानात धसकटांना फुटवे येतात, ते जनावराच्या जिवावर बेततात.

पण म्हशी त्या रानात सोडल्या कुणी? आणि ही पहाटे तिथे काय करत होती?

उत्तर स्वतःच्या पायाने ठाण्यात आलं. डोक्यावर पदर घेतलेली एक बाई गर्दीतून वाट काढत आत आली. ती फिर्यादीची बायको होती. डॉक्टरांचं निदान सांगायला मी फिर्यादीला आत बोलावलं होतं, तो माझ्यासमोरच बसला होता.

"तू इथं कशाला आलीस? घरी जा," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे न बघता मला म्हणाली, "साहेब, माझा जबाब लिवून घ्या. ह्या पोरीला मी बोलवत हुते. आमच्या रेडकाच्या पायात तार घुसून किडे पडले हुते. मालक म्हणले, रेडा हाय, मरू द्या. मला बघवलं न्हाई. ही रोज पहाटं येऊन पट्टी बांधायची. आन् म्हशी... आज दिस उगवायला मालकांनीच धसकटात सोडल्या. दूध वाढंल म्हणून."

एवढ्या मोठ्या घरची बाई नवऱ्यासमोर, परक्या पुरुषांसमोर हे बोलत होती. मी महिला अंमलदाराला जबाब घ्यायला सांगितलं. सही करण्याआधी बाईने अक्षर न् अक्षर वाचायला लावलं.

पुढारी खुर्चीवरून उठला. बाहेर गेला आणि लोकांना म्हणाला, "घरी जा. चूक माझी हाय."

मी मुलीला विचारलं, "हे आधीच का सांगितलं नाहीस? दगड खाल्ले असतेस."

"त्यांनी शपथ घातलती. मी सांगितलं असतं तर मी सुटले असते, पण त्यांना त्याच घरात राहायचं हाय."

गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून ‘क’ समरीचा, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा, अहवाल न्यायालयात पाठवला. काच फोडणाऱ्यावर वेगळी कारवाई केली. ती आता सगळा प्रकार मोबाईलवर सांगून गावाची अब्रू काढणार, अशी माझी खात्री होती. आठवडाभराने तिचा व्हिडिओ आला तो किराळीवर. फुटवे आलेल्या रानात जनावरं सोडू नका, लक्षणं दिसली तर काय करा, एवढंच. स्वतःबद्दल अवाक्षर नाही. त्या बाईचं नाव निघू नये म्हणून. खाली खरं काय ते न कळलेले बाहेरगावचे लोक तिला ‘विष घालणारी’ म्हणून शिव्या देतच होते. तिने एकालाही उत्तर दिलं नाही.

मी चहा दुधाचाच पितो. तिची मतं मला आजही पटत नाहीत. पण स्वतःला वाचवायला खोटं बोलणारी माणसं मी जन्मभर पाहिली. दुसऱ्याला वाचवायला गप्प बसलेली एक, आणि तिला वाचवायला बोललेली एक, अशा दोघी मला एकाच दिवशी, एकाच खोलीत भेटल्या. त्यांच्यापुढे उभा असताना अंगावरच्या वर्दीचा मला पहिल्यांदा संकोच वाटला. त्यानंतर चौकशीत कुणी गप्प राहिलं की मी आवाज चढवायचं सोडून दिलं. हा माणूस कुणाला सांभाळतोय, ते आधी शोधू लागलो.