घमेल्यातलं तळं

आमच्या थोरल्या दिरांइतका जुन्या पावसात भिजलेला माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही. आजच्या पावसाशी त्यांचं काही देणंघेणं नसतं. गच्चीवर कपडे वाळत असताना सर आली आणि मी खालून कितीही ओरडले, तरी ते कपड्यांशेजारी बसून हजारो वर्षांपूर्वीच्या दुष्काळावर टिपणं काढत राहतात. कागद भिजला की मगच उठतात. भूगोलाची मास्तरकी संपवून ते केडगावला आमच्याकडे राहायला आले, तेव्हा मला वाटलं होतं, भाजी आणण्याचं काम तरी हलकं होईल. भाजी आली, पण मुळांची माती तपासून झाल्याशिवाय मेथी धुवायची नाही, या हुकमासकट. आपल्या या कोरड्या मुलखात पूर्वी हवा कशी होती, पाऊस किती पडायचा, हे शोधून काढल्याशिवाय त्यांना चैन नाही.

भिंगारला नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. नवरीला बोहल्यावर आणायचं ते मामाने, आणि मामाच गायब. मी शोधत गेले तर कार्यालयामागच्या लाकडाच्या वखारीत, नव्या धोतरानिशी गुडघे टेकून, सागाच्या ओंडक्यावरची वर्तुळं मोजत बसलेले. "सुरेखा, हे वर्तुळ बघ, केसाएवढं! त्या वर्षी पाऊसच नाही गं!"

"भाऊजी, भटजी थांबलेत."

"ते थांबतील. हा वखारवाला ओंडका आत्ता कापतोय!"

यंदा पावसाने ओढ दिली म्हणून मिरजगावजवळ, सीना नदीच्या काठी, त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने भाद्रपदातच विहीर खणायला काढली. भाऊजी निघाले. मीही सोबत गेले, कारण एकटे गेले की ते परत यायचं विसरतात. दगडमाती वर ओढणाऱ्या यारीच्या डब्यात उभे राहून ते विहिरीत उतरले, आणि थोड्या वेळाने खालून अशी आरोळी आली की यारीवाल्याने घाबरून मशीन बंद केलं. वर काळी माती, तिच्याखाली चुनखडीचे खडे, आणि तळाशी राखाडी, लोण्यासारखी मऊ माती. तिच्यात तांदळाच्या कणीएवढे शंख! म्हणजे साचलेलं पाणी. "तळं! अरे, इथं तळं होतं!"

विद्यार्थी काठावर वाकला. "गुरुजी, पानी कवा लागंल त्येवढं सांगा की."

"पाणी काय घेऊन बसलास, अख्खं तळं होतं!"

"हुतं, मान्य हाय. पन तळ्याला इचारा की, गेलं कुठं?"

दोन दिवसांत विहिरीला सिमेंटचं बांधकाम होणार होतं, मग थर कायमचे झाकले जाणार. म्हणून भाऊजींनी प्लास्टिकच्या पाइपचे तुकडे ठोकून थराथराची माती काढली. पाइप संपले, तेव्हा सगळ्यात खालची राखाडी माती मी घरून नेलेल्या घमेल्यात भरली. तळं कधी भरलं, हे तीच सांगणार होती. दुसऱ्याच दिवशी भाऊजी पुण्याला प्रयोगशाळेत माती तपासायची वेळ ठरवायला गेले. घरी घमेल्यावर चिठ्ठी: "अत्यंत महत्त्वाची माती."

आता माझी बाजू. मिरजगावला जाताना मी त्यांना तीनदा बजावलं होतं, "येताना घटाला चांगली माती आणा." तेव्हा ती चिठ्ठी वाचून मला त्यांचं कौतुकच वाटलं. माती चाळली, धान्य मिसळलं, पत्रावळीवर पसरली, मधे घट मांडला आणि रोज पाणी घातलं.

चौथ्या माळेला ते परत आले. "प्रयोगशाळा तयार आहे! घमेलं कुठंय?"

मी देवघराकडे बोट दाखवलं. ते घटापुढे उकिडवे बसले. मग हळूच म्हणाले, "आणि शंख?"

"ते निवडून टाकले. कचऱ्याच्या गाडीत गेले."

पाणी पडलेल्या, धान्य पेरलेल्या मातीवरून काहीच सांगता येणार नाही, असं पुण्याहून फोनवर कळलं. विहिरीचं बांधकामही झालं होतं. मी त्यांच्या रागाची वाट पाहत होते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. पण जन्मात आरतीला न उभे राहिलेले भाऊजी पाचव्या माळेपासून पट्टी घेऊन देवघरात बसू लागले. "सुरेखा, दोन बोटं वाढलं! अगं, तळं भरल्यापासून या मातीला उजेड दिसला नव्हता, आणि बघ गहू कसा उसळलाय!" गल्लीतल्या बायकांना बोलावून बोलावून दाखवत होते.

वरच्या थरांचे पाइप पुण्याला गेले. तळं कधी आटलं, ते कळेल म्हणतात. कधी भरलं, ते आता कळायचं नाही.

दसऱ्याला त्यांनी घटातल्या गव्हाचा तुरा टोपीत खोवला आणि एक मला दिला. "लाव केसात. तेव्हा तळ्याकाठी बायका असतील, त्याही काहीतरी माळतच असतील." मग थांबले. "असतील ना गं?"

इतक्या वर्षांत जुन्या काळाबद्दल त्यांनी मला काही विचारलं नव्हतं, सांगितलंच होतं. मला काय माहीत? पुराव्याची माती तर मीच पेरून बसले होते.

"असतील," मी म्हणाले, आणि तुरा माळला.