भेगांवरची बॅटिंग

लेदरच्या नव्या चेंडूचा वास आला की अजूनही माझ्या तोंडात रक्ताची चव येते. त्या उन्हाळ्यात पालीचं धरण पार आटलं होतं आणि तळाच्या काळ्या गाळाला पाय अडकेल एवढ्या भेगा पडल्या होत्या. काठावरच्या बाभळीखाली मी आणि माझा चुलतभाऊ मोबाईलवर कसोटी बघत होतो. शेवटचा दिवस, खेळपट्टी उखडलेली, आणि आपला एक फलंदाज सामना वाचवायला सकाळपासून नुसते चेंडू अडवत होता. मी म्हणालो, "लई रटाळ खेळतो बे हा. हाकला ह्याला." चुलतभाऊ तालुक्याच्या टीमचा फास्ट बॉलर; बॅट अन् लेदरचा नवा चेंडू कायम त्याच्यासोबत. त्यानं माझ्या हातात बॅट कोंबली, मला गाळात नेऊन उभं केलं अन् म्हणाला, "तिकडंबी अशाच भेगा हायत. मार सिक्स." पहिला चेंडू भेगेच्या कडेवर पडून बरगडीत घुसला. मी कळवळलो, तो हसला. दुसरा तिथूनच उसळला आणि थेट तोंडावर आला. दात तुटल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. मी धावत जाऊन बॅट त्याच्या खांद्यावर हाणली, त्यानं मला लोळवलं आणि छातीवर बसून थोबाडीत मारत विचारत राहिला, "किती रन काढले? सांग की!" "एक बी न्हाई," मी रक्त थुंकत म्हणालो, तेव्हा कुठं त्यानं हात आवरला. बाभळीखाली मोबाईलवर तो फलंदाज अजून उभाच होता. आता कुणी त्या खेळीला रटाळ म्हटलं, तर मी वाद घालत नाही; पुढच्या दातांची फट दिसेल एवढं तोंड उघडून हसतो.