उपवासाच्या खिचडीतला कांदा

छापलेल्या प्रत्येक अक्षराला उत्तर देणारा माणूस या देशात एकच निघाला, आणि तो जयपूरला शास्त्री नगरात, आमच्या खालच्या मजल्यावर राहायचा. बाकी आपण सगळे वाचतो आणि गप्प बसतो. काका गप्प बसायचे नाहीत. लग्नाची पत्रिका आली की यजमानांना फोन: "मजकूर छान आहे, पण मुलीच्या आईचं नाव इतकं बारीक काहून?" मिठाईच्या डब्यावर नंबर दिसला की तिथेही फोन. "आपके डिब्बे का मोर भूखा लग रहा है," असं एका कचोरीवाल्याला अत्यंत शांतपणे सांगताना मी त्यांना ऐकलंय. पलीकडून बिचारा "जी बाऊजी, जी बाऊजी" करत राहिला, आणि पुढच्या दिवाळीला डब्यावरचा मोर खरोखरच गुबगुबीत होऊन आला. काकांचं म्हणणं साधं होतं, "लिहिलेल्याला उत्तर न देणं म्हणजे दारात आलेल्याला पाणी न विचारणं." जयपूरच्या मे महिन्यात हे वाक्य ऐकलं की घसाच कोरडा पडतो.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. जगतपुऱ्याच्या कॉलेजात होते तेव्हा हॉस्टेलच्या पाण्यापासून मेसच्या डाळीपर्यंत प्रत्येक अन्यायावर पत्रक लिहून गेटवर वाटलंय. म्हणून शहरातल्या मराठी घरांना, म्हणजे बँकेत, विम्यात, छावणीत बदलीवर आलेल्या आपल्या लोकांना, ईमेलने न्यूजलेटर पाठवायला लागले तेव्हा पहिलाच शब्द ठोकला: "जागे व्हा!" काका म्हणाले, "अगं, तुझं पत्र सकाळी येतं. लोक जागेच असतात. चहा पीत असतात." मला राग आला. त्याहून जास्त राग यायचा तो वाचकांचा. अंक उघडला जातो हे मला दिसायचं, पण उत्तर एकाचंही नाही. मंडळाच्या गणपतीत भेटले की म्हणायचे, "वाचतो हं, मस्त लिहितेस." अरे, मस्त काय मस्त! रस्त्यावर पोरं मरतील असं लिहिलंय मी, आणि तुम्ही मस्त म्हणता?

काका मूळचे पुण्याचे. विमा कंपनीच्या बदल्यांत निम्मा देश फिरून जयपुरात निवृत्त झाले आणि इथेच राहिले. माझा अंक निघाला की त्यांचा फोन ठरलेला. हॅलो नाही, नाव नाही, थेट निकाल: "तिसरा परिच्छेद. ओरडली आहेस." आणि फोन बंद. मी तणतणत खाली जायची. ते चहा पुढे सरकवायचे आणि एकच सिद्धांत पुन्हा नव्याने मांडायचे. "मराठी माणसाला पटलं की तो गप्प बसतो. चुकलं की मात्र त्याला राहवत नाही. तू सगळं बरोबरच लिहितेस. मग बोलायला जागा कुठं ठेवलीस त्याला?"

शाळेसमोरच्या फुटपाथवर मी जो अंक लिहिला, तो माझा सगळ्यात संतापलेला अंक. फुटपाथ उखडलेला, उरलेल्यावर गाड्या उभ्या, आणि दप्तरं घेतलेली मुलं भर रस्त्यातून चाललेली. मजकूर तपासायला काकांकडे दिला. त्यांनी तपासला, परत दिला आणि मी तो न बघता पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी. फोन वाजायला लागला तो थांबेचना. "काय गं, उपवासाच्या खिचडीत कांदा?" "आमच्याकडे सासूबाईंनी चष्मा काढून ठेवलाय, तुझं पत्र परत वाचणार नाही म्हणतात." एका कर्नलसाहेबांनी तर छावणीतून दरडावून विचारलं, "हे कुठल्या जिल्ह्यात करतात?" अंक उघडून पाहिला. माझ्या धगधगत्या शेवटाखाली काकांनी एक ओळ घातली होती: उपवासाच्या साबुदाणा खिचडीत बारीक चिरलेला कांदा घातल्यास चव वाढते.

"हा वाचकांशी द्रोह आहे!" मी त्यांच्या दारातूनच ओरडले. "द्रोह करायला वाचक लागतात. ते आज मिळाले," काका म्हणाले आणि माझा फोन हातातून काढून घेतला. "हो वहिनी, चुकलंच. पोरगी लहान आहे. कांदा काढतो. पण तो फुटपाथ वाचला का हो? नाही? मग वाचा नं, वरच आहे. तुमचा नातू त्याच शाळेत जातो ना?" संध्याकाळपर्यंत ते हेच करत बसले. कांद्यासाठी भांडायला आलेली माणसं एकेक करून त्यांनी फुटपाथवर नेऊन सोडली. त्या शनिवारी शाळेसमोर आम्ही उभे राहिलो तेव्हा ज्यांनी माझ्या "जागे व्हा"ला कधी भीक घातली नव्हती, त्या सासूबाई घडीची खुर्ची घेऊन आल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पण कांदा नाही हं." फुटपाथ पुढे झाला. अर्धाच झाला, पण झाला. पुढच्या अंकात मी चूक कबूल केली आणि ती दाखवणाऱ्या प्रत्येकाचं नाव छापलं. तेव्हापासून लोक मला लिहितात. भांडतात, पण लिहितात.

मग काकू गेल्या, आणि मुलगी येऊन काकांना बंगळुरूला घेऊन गेली. सुरुवातीला तिथूनही फोन यायचा. "दुसरा परिच्छेद. उपदेश." मग "बरं आहे" एवढंच. मग तेही नाही. शेवटी मीच मुलीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, मी वाचून दाखवते ना बाबांना. ऐकतात. मतलब, बोलत काही नाहीत." मी फोन ठेवला. आज माझ्या पत्राला खूप उत्तरं येतात. सगळी हॅलोने सुरू होतात.

काका, तुमच्याच हिशेबाने गप्प बसलात म्हणजे तुम्हाला सगळं पटतंय. मला नाही पटवायचं तुम्हाला. तुम्ही अकोल्याचे. जन्म तिथला, बोलणं तिथलं, पुरणपोळीवर तुपाची धार धरायचात तीही तिथलीच. आणि तुम्हाला कोणी चुकून पुणेकर म्हटलं तर तुम्ही ताटावरून उठायचात. ताई हे तुम्हाला वाचून दाखवेल तेव्हा तिला सांगा, जरा मागे जाऊन तिसरा परिच्छेद पुन्हा वाच म्हणून. तिथे मी तुम्हाला काय म्हटलंय ते नीट ऐका. चूक आहे ती, धडधडीत. आता तरी राहवणार नाही ना तुम्हाला?