कमलताईंनी न पुसलेला मेसेज

तुम्हांला सांगतो आहे ते माझ्या घरात कुणाला ठाऊक नाही. पत्नीला नाही, मुलाला नाही. आणि ज्यांना सर्वांत आधी ठाऊक व्हायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. आज लिहायला बसलो त्याला तसं कारण घडलं आहे — पण ते शेवटी येईल. आधी मला थोडं आजूबाजूला फिरू द्या. सरळ त्या जागी जायचं म्हटलं की पाय अजूनही मागे वळतात.

मी परभणीत कर सल्लागार आहे. लोक वकीलसाहेब म्हणतात. मी वकील नाही, आणि लोकांचा तो समज मी कधी दुरुस्तही केला नाही. — पाहा, ही एक लहान कबुली झाली. मोठीच्या अलीकडे माणूस अशाच लहान लहान देत राहतो.

आमच्या व्यवसायात एक रीत आहे. जीएसटीची नोंदणी करताना जिथे धंदेवाल्याचा मोबाइल नंबर विचारलेला असतो, तिथे आम्ही आमचा टाकतो. का? ओटीपी मागायला दर वेळी गावाकडे फोन कोण लावत बसेल? गिऱ्हाईक शेतात असतं, तिथे रेंज नसते. सोयीचं आहे, सगळेच करतात. पण याचा अर्थ तुमच्या ध्यानात येतो का? सरकारला त्या माणसाशी जे बोलायचं असतं, ते माझ्या खिशात येऊन बोलतं. ते त्याच्यापर्यंत पोचवायचं की नाही, हे मी ठरवतो.

कमलताई पेडगावच्या. घरी मेंढरं, नवरा बहुतेक रानातच. त्या येसर करायच्या. डाळी-धान्यं खमंग भाजून, मसाल्यासकट दळलेलं ते पीठ. आमच्याकडच्या लग्नाच्या पंगतीला येसराची आमटी नसेल तर पाहुणे नावं ठेवतात. उन्हाळाभर त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये बचत गटाच्या बायका भाजणीला बसत, आणि रस्त्याने जाणाऱ्याला ठसका लागे. आसपासच्या बाजारात विकत होत्या तोवर कायद्याला त्यांची ओळखही नव्हती. एवढ्या लहान धंद्याला नोंदणीची सक्ती नाही. मग हैदराबादच्या एका दुकानदाराने माल मागितला. तिथे आपली माणसं पुष्कळ. आणि कायदा असा, की राज्याची हद्द ओलांडून माल विकायचा तर धंदा कितीही लहान असो, नोंदणी हवीच. निजामाच्या काळातल्या माझ्या आजोबांच्या लेखी हैदराबाद ही राजधानी होती. आता तिथे पाठवलेली येसराची पिशवी परराज्यात जाते.

“भाऊ, मला यातलं काय बी कळत न्हाई,” त्या म्हणाल्या होत्या. “तुमी म्हणाल तिथं सही करते. फकस्त नाव माझं लिवा. दिराचं नगं, मालकाचं नगं. धंदा माझा हाय.”

मी नाव त्यांचं लिहिलं. नंबर माझा टाकला.

पावसाळ्यात येसर होत नाही. धने-मिरच्या वाळायला कडक ऊन लागतं, आणि त्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला. कमलताई माझ्याकडे फिरकल्या नाहीत. विक्री नाही तर कर कसला, आणि कर नाही तर कागद कसला — असं त्यांना वाटलं. तुम्हांलाही वाटलं असतं. कायद्याला तसं वाटत नाही. काही विकलं नसेल तर ‘काही विकलं नाही’ असंही ठरल्या वेळी कळवावं लागतं. न कळवणाऱ्याला दंड चढत जातो, आणि पुरेसे महिने गप्प राहिलं तर नोंदणीच रद्द होते. ऊन-पावसाच्या हिशेबाने चालणाऱ्या धंद्याला या कायद्यात जागाच नाही. हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं. ते भरणं मिनिटभराचं काम होतं. पण ते दिवस कापसाचे. जिनिंगवाल्यांच्या मोठ्या गाड्या माझ्या दारात उभ्या असत. पेडगावची येसरवाली बाई — राहू दे, पुढच्या महिन्यात भरू. पुढच्या महिन्यातही तेच.

नोटीस आली तेव्हा मी एका लग्नात पंगतीला बसलो होतो. खिशात फोन थरथरला. डाव्या हाताने काढून पाहिलं, परत ठेवला. वाढपी त्या वेळी आमटी वाढत होता — येसराचीच, असं मला आठवतं. पण हे मनाने मागाहून रचलेलं असेल, शपथ घेणार नाही.

विसरलो, असं म्हणू का? तसं म्हणता आलं असतं तर हे लिहावंच लागलं नसतं. काही दिवसांनी दुसरा मेसेज आला: नोंदणी रद्द. तो मी नीट वाचला, आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. पुन्हा चालू करून घ्यायला अजून मुदत होती. त्यासाठी फक्त पेडगावला फोन लावून ‘ताई, माझी चूक झाली’ एवढं म्हणायचं होतं. मी रोज तो फोन उद्यावर ढकलत राहिलो. मग मुदतही सरली, आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

कमलताईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. उन्हं तापली तशी त्यांनी मिरच्या घेतल्या, बायका बोलावल्या, आणि पहिला मोठा माल हैदराबादला पाठवला. दुकानदाराच्या माणसाने बिलावरचा क्रमांक तपासला. तो रद्द दिसत होता. पोती जशीच्या तशी परत आली. पुन्हा माल मागणार नाही, असा निरोपही सोबत आला.

त्या माझ्या ऑफिसात आल्या, दिराला घेऊन. खुर्ची पुढे केली तरी बसल्या नाहीत. “भाऊ, असं कसं झालं?” इतकंच विचारलं. आरोप नव्हता हो त्यात. आरोप असता तर कदाचित मी कबूल केलं असतं — की नसतं? दीर माझ्याकडे बघत होता. बाहेर जिनिंगचे एक शेठ थांबले होते, दार उघडं होतं. आणि मी, अगदी शांत, समजूतदार आवाजात म्हणालो: “ताई, नोटीस तुमच्या मोबाइलवर आली होती. तुम्ही पाहिली नाही का?”

हेच ते. इथवर यायला मला इतकी वाट चालावी लागली.

त्यांनी पिशवीतून फोन काढला, त्याच्याकडे पाहिलं. मी वाट पाहत होतो, की त्या म्हणतील, न्हाई, माझ्याकडं काय आलं न्हाई. मग मी काय केलं असतं, मला ठाऊक नाही. त्या हळूच म्हणाल्या, “मीच पुसला असंल. इंग्रजीतले लय येतेत. मेमरी भरली की मी पुसून टाकते.”

खोटं मी एकाच वाक्यापुरतं बोललो होतो. त्याला खरं केलं ते त्यांनी.

दीर हसला. “वैनी, नातवाचे नाचायचे व्हिडिओ ठिवायला जागा हाय, अन् सरकारच्या मेसेजला न्हाई व्हय? आता करा धंदा!” बाहेरचे शेठही हसले. मी — मीही थोडा हसलो. वातावरण हलकं व्हावं म्हणून.

पुढचं फार लवकर घडलं. दिराने स्वतःच्या नावावर नोंदणी करून घेतली. ती मीच करून दिली. त्याचं नाव, शेड तीच, चूल तीच. हैदराबादच्या दुकानदाराने नव्या क्रमांकावर माल घ्यायला सुरुवात केली. येसर काही बदललं नव्हतं. बदलल्या होत्या त्या कमलताई. त्या आता तिथे इतर बायकांच्या ओळीत बसून रोजाने भाजणी करतात. आपल्या हातून बायकांचं काम गेलं असतं म्हणून पोखर्णीला जाऊन नृसिंहापुढे माफी मागून आल्या, असं त्यांच्याच दिराने मला कौतुकाने सांगितलं. माझ्या चुकीची माफी. मी त्याला म्हणालो, बरं झालं. फोन वाजला की त्या नातवाला हाक मारतात. स्वतः हात लावत नाहीत म्हणे.

आता ते कारण सांगतो. गेल्या आठवड्यात त्या आल्या, सोबत त्यांची मुलगी वैशाली. ज्वारीचे पोहे, लाह्या, पापड असं काही ती इंटरनेटवरून परराज्यांत विकणार आहे. आईचा हात आणि आपली धडपड, दोन्ही तिच्या स्वतःच्या नावावर. लॅपटॉपवर फॉर्म ती स्वतःच भरत होती, अडलेलं तेवढं मला विचारत होती. मोबाइल नंबरच्या चौकटीपाशी आली आणि म्हणाली, “इथे माझाच टाकते, काका.”

“नगं बाई!” कमलताई एकदम पुढे झुकल्या. तिचा हात धरला त्यांनी. “भाऊंचाच टाक. तुझ्या आईनं काय करून ठिवलं, इसरलीस व्हय? कागदाचं काम त्यांच्याकडंच बरं असतंय.”

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. ती हुशार आहे. एक शब्द पुरला असता. दार बंद होतं, बाहेर कुणीही नव्हतं, दीर नव्हता. खोलीत आम्ही तिघंच होतो. पंखा फिरत होता. घाईचं कसलंही काम नव्हतं.

“सांगा ना काका नंबर.”

मी सांगितला.

टेबलावर पालथा ठेवलेला माझा फोन थरथरला. “आला बघा,” कमलताई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी निर्धास्तपणा दिसला. मुलीची बोटं कळफलकावर थांबली होती. मी फोन उचलला, चष्मा लावला, आणि एकेक आकडा तिला स्पष्ट आवाजात वाचून दाखवला.