नुसता धूर

गिरणीत जळणाऱ्या धानाच्या भुशाचा वास खिडकीतून आला की कामठ्याची ती म्हातारी आठवते. मी तेव्हा ग्रामसेविका होते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची घरी जाऊन विचारपूस करायचे. सकाळी तिच्या कवेलूंच्या छपरातून धूर निघाला, की म्हातारी ठीक आहे, असं शेजारी धरून चालत. एकदा मी आत गेले तर धानाच्या भुशावर चूल पेटलेली आणि वर काहीच नाही. "आजी, काही रांधलं काऊन नाही?" "भाताचा गंज उचलत नाही आता, बाई. पण धूर दिसला नाही त पोरगा मले गोंदियाले नेते." मी पेज करून भरवली, ती ओठांतून बाहेर आली. पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी धूर निघाला नाही आणि सारा मोहल्ला धावला. आता मी एकटी राहते. माझ्या गॅसला धूर येत नाही.